अकरा मिनिटांनी वेगवान

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या शहरात दोन गोष्टी जोमानं वाढत होत्या, टँकरपुढच्या रांगा आणि बिल्डरांची होर्डिंगं. होर्डिंगांवरची चित्रं मी बनवायचो. पडेगावच्या ज्या माळावर शेळ्यांनाही चरायला काही उरलं नव्हतं, तिथं मी संगणकावर हिरवळ पसरायचो, नारळाची झाडं लावायचो आणि मधोमध निळाशार पोहण्याचा तलाव काढायचो. लोक तो तलाव बघून फ्लॅट बुक करायचे. मला त्यांची कीव यायची, आणि माझा पगारही त्यांच्याच जिवावर चालायचा.

असं चित्र तयार करताना संगणकाला सगळ्यात जास्त घाम फुटतो तो पाण्यापाशी. लाटा, त्यांवरचं ऊन, तळाच्या फरशीवर हलणारा उजेड, सगळं गणितानं काढावं लागतं. काम रखडायला लागलं तसं मालकांनी आठ नवीन संगणक घ्यायचं ठरवलं. मालकांचं संगणकाचं ज्ञान कॅबिनेटवर किती दिवे लागतात इथवरच होतं. दुकानदारानं चाचणीसाठी दोन मशीन पाठवली. एकाच्या प्रोसेसरला आठ कोर, म्हणजे एकाच वेळी राबणारे आठ मेंदू, दुसऱ्याच्याला चार. चारवाल्याचा कागदावरचा वेग जास्त आणि किंमत बरीच कमी.

माझा सहकारी चारच्या बाजूचा, कारण त्याच्या मेव्हण्याकडं तोच होता. याला तो अभ्यास म्हणायचा. मी मात्र महिनाभर परदेशी चाचण्यांचे तक्ते पाठ केले होते आणि आठच जिंकणार हे सगळ्या ऑफिसला ऐकवून ठेवलं होतं. ते तक्ते कुठल्या तरी थंडगार खोलीत बसून केलेले आहेत, एवढी साधी गोष्ट माझ्या दीडशहाण्या डोक्यात शिरली नाही.

मे महिन्यातली दुपार. दोन्ही मशीन शेजारी ठेवली, दोन्हींवर तोच तलाव लावला आणि आम्ही घड्याळ घेऊन बसलो. कूलर बंद होता. टाकीतलं टँकरचं पाणी पिण्यापुरतं, संडासापुरतं, आणि मावशींचे दोन कॅन, असा मालकांचा हिशेब ठरलेला होता. मावशी आमच्याकडं झाडलोट करायच्या. पगार सांगायलाही लाज वाटावी असा. कामाला लागतानाच त्यांनी रोज दोन कॅन पाणी घरी न्यायची अट घातली होती. ते कॅन शेअर रिक्षात पायाशी धरून त्या पडेगावला न्यायच्या. घरी लेक बाळंतीण होती, बाळ वीस दिवसांचं. मावशी पाण्यासाठीच येतात, हे आम्हा सगळ्यांना नीट ठाऊक होतं.

चारवाल्यानं अठ्ठेचाळीस मिनिटांत चित्र काढलं. माझ्या आठवाल्यानं त्रेपन्न घेतली.

"क्या हुआ, एक्सपर्ट?" सहकारी म्हणाला आणि खुर्चीत गोल फिरला. मला त्याच्या खुर्चीला लाथ घालावीशी वाटली.

मी तापमान बघितलं. प्रोसेसर इतका तापला होता, की जळू नये म्हणून त्यानं स्वतःच वेग कमी केला होता. "खोली तापलीय," मी म्हणालो. "कूलर लावून परत घेऊ."

"टाकीत पाणी नाही. टँकर परवा," मालक म्हणाले.

दाराशी मावशींचे दोन्ही कॅन भरून ठेवलेले होते. मी जरा तरी घुटमळलो असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी घुटमळलो नाही. "मावशी, आजच्या दिवस हे कूलरमध्ये टाका," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मालकांकडं. मालक फोनमध्ये होते. "व्हय," म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं दोन्ही कॅन कूलरमध्ये रिकामे केले.

आठवाल्यानं सदतीस मिनिटांत चित्र काढलं. चारवाला होता तिथंच राहिला. अकरा मिनिटांचा फरक. मी असा काही फुगलो, जणू तो प्रोसेसर मीच घडवला होता. लगेच अहवाल लिहिला, आलेख काढला आणि खाली ठळक अक्षरांत टीप दिली: खोली सतत थंड ठेवणं आवश्यक. मालकांनी अख्ख्या अहवालातली तेवढी एक ओळ वाचली. आठ मशीन आली, कूलर दिवसभर सुरू झाला, आणि ऑफिसचं पाणी बाहेर न्यायला बंदी झाली. हुकूम मालकांचा होता, ओळ माझी होती.

पुढं आठवडाभर मावशी दिवसातून तीनदा कूलर भरत राहिल्या आणि रिकामे कॅन घेऊन घरी जात राहिल्या. मग एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"दादा, उद्यापासून नाय यायची म्या. एका शाळंत काम भेटलंय. पगार कमी हाये, पर तिथं बोअर हाये."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "बाळ कसं आहे?"

"बरं हाये. लई घामोळ्या आल्यात. वल्या फडक्यानं पुसून घेतो." मग माझ्या पडद्यावरच्या तलावाकडं बघत त्यांनी विचारलं, "तुमचं काम लवकर व्हतंय ना आता?"

"हो. अकरा मिनिटं लवकर."

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उलट बोलता तरी आलं असतं. त्या अकरा मिनिटांचं आम्ही काय करतो, हे त्यांनी विचारलं नाही. खाली टपरीवर जाऊन चहा प्यायचो.