दंड ‘रिमिटेड’

मी इतिहासाचा माणूस नाही. पुण्यात कॉम्प्युटर शिकलो, सिंगापूरला नोकरीला आलो, आणि पहिल्या कंपनीनं गाशा गुंडाळल्यावर इथल्या एका विद्यापीठाच्या प्रकल्पात जे मिळालं ते धरलं. इंग्रजांच्या काळातल्या बंदरखात्याच्या फाइली स्कॅन होऊन येतात, त्या मी वाचायच्या आणि तक्त्यात भरायच्या. कोणत्या बोटीला दंड झाला, कशाबद्दल, आणि पुढे त्या दंडाचं काय झालं.

सुरुवातीला मौज वाटायची. रात्री दिवा लावला नाही, दंड. नको तिथे नांगर टाकला, दंड. बंदरात राख ओतली, दंड. मग कप्तानाचा अर्ज, त्यावर बंदर-अधिकाऱ्याचा शेरा, त्याखाली सेक्रेटरीचा, आणि सगळ्यात खाली गव्हर्नरसाहेबांचे दोन शब्द. एका राखेच्या टोपलीपायी तीन साहेबांनी शाई आटवलेली. वर्षभरात ती मौज संपली. ते तिरकं अक्षर वाचून डोळे आणि मान दोन्ही कामातून गेले. संध्याकाळी बुकित बातोकला घरी आलो की लिफ्टमधली ‘थुंकू नका, दंड होईल’ ही पाटीसुद्धा मी खाली शेरा कुणाचा आहे म्हणून वाचायचो.

कंटाळा आला तरी सोडायची सोय नव्हती. बायको आंग मो किओतल्या एका कंपनीत, परदेशी पैसे पाठवायच्या ॲपवर काम करायची. कंपनीनं ते काम बंगळुरूला नेलं आणि तिची नोकरी गेली. तेव्हापासून घर माझ्या पासवर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, आणि पास माझ्या करारावर. करार वर्षाच्या मध्यावर संपणार आणि मुलीची सहावीची मोठी परीक्षा वर्षाच्या शेवटी. त्या परीक्षेच्या क्लासांत आम्ही तिचं निम्मं बालपण घातलेलं. ऐन तोंडावर तिला उचलून पुण्यात नेऊन बसवायचं, या विचारानं मी कराराची तारीख पुन्हा पुन्हा काढून बघायचो.

सगळं प्रकल्पाच्या प्रमुख असलेल्या बाईंवर होतं. बाई इथल्याच, निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या. माझ्या तक्त्यांवरून त्यांनी एक निबंध लिहिला होता. समुद्रावर कायदा सगळ्यांना सारखा होता, मोठ्या आगबोटींकडून आणि लहान होड्यांकडून दंड सारखाच वसूल व्हायचा, असं त्यात म्हटलं होतं. तो छापला गेला तर त्या माझ्या मुदतवाढीसाठी शब्द टाकणार होत्या.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. काही फाइलींच्या शेवटी ‘फाइन पेड’ असायचं, काहींच्या शेवटी ‘फाइन रिमिटेड’. आता रिमिट म्हणजे पैसे पाठवणं, हे सिंगापुरातल्या कुठल्याही भारतीयाला झोपेतून उठवून विचारा. पगार झाला की आम्ही दुसरं करतो काय? आईची औषधं, पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता, सगळं रिमिट. तरी खात्री करावी म्हणून मी बायकोला विचारलं होतं.

“पाठवले रे,” ती म्हणाली. “दिवसभर मी तेच तर करत होते.”

उंदराला मांजर साक्ष. मी दोन्ही शब्दांपुढे ‘भरला’ असं लिहून मोकळा झालो.

मग एका दुपारी एका आगबोटीची फाइल आली. ‘फाइन रिमिटेड’, आणि त्याखाली खजिन्याला हुकूम: कप्तानाची रक्कम परत करावी. पाठवलेले पैसे परत कशाला करायचे? मी शब्दकोश उघडला. रिमिट, पाठवणे. त्याखाली आणखी एक अर्थ: माफ करणे. मी कपाळावर हात मारून घेतला. ज्यांना दंड माफ झाला होता त्या सगळ्यांकडून मी तो वसूल करून बसलो होतो.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “आत्ताच सांगायला हवं का? परीक्षा तरी होऊ दे.”

माझ्याही मनात तेच होतं. मी काही हरिश्चंद्राचा अवतार नाही. पण निबंध छापून आल्यावर कुणीतरी शब्दकोश उघडणारच होतं, आणि तेव्हा माझ्याबरोबर बाईंचीही शोभा झाली असती. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, संपलं. पण त्या हसल्या. म्हणाल्या, “मी तुझे तक्ते वाचले, फाइली कुठे वाचल्या?” मग म्हणाल्या की निबंध मागे घेऊ, सगळ्या फाइली पुन्हा वाचाव्या लागतील, त्याला वेळ लागेल, आणि वेळ लागणार म्हणजे तुला मुदतवाढ लागणार. “डोंट वरी लाह.”

मुदतवाढ मंजूर झाली. मुलीनं पुस्तकातून मान वर करून विचारलं, “सो वी स्टेइंग ऑर नॉट?” मी म्हटलं, स्टेइंग. बायकोनं “सुटलो बाबा” म्हणून मोठा श्वास सोडला.

आता त्याच फाइली पुन्हा वाचतोय. आगबोटींच्या रकान्यात एकामागून एक ‘भरला’ पुसून ‘माफ’ लिहितोय. होड्यांच्या रकान्यात क्वचितच काही बदलावं लागतं.

काल एका तांडेलाची फाइल आली. होडी त्याची स्वतःची होती. गाव रत्नागिरी, कारकुनानं त्याचं स्पेलिंग भलतंच केलेलं. परवान्याहून जास्त माणसं घेतली म्हणून दंड. अर्ज पैसे देऊन कुणाकडून तरी लिहून घेतलेला, खाली सहीच्या जागी फुली. निघता निघता माणसं आपणहून चढली, त्यांना उतरवता आलं नाही, असं त्यानं कळवलं होतं. हेच कारण देणाऱ्या एका आगबोटीच्या कप्तानाला मी सकाळीच ‘माफ’ लिहिलं होतं. तांडेलाच्या अर्जावर शेरा होता: कारण पुरेसं नाही. आणि मग, होडी विकून दंड वसूल.

त्याच्यापुढे मी पूर्वीच ‘भरला’ लिहिलेलं होतं. तेवढं माझं बरोबर निघालं. तरी मी स्कॅन मोठं करून समास, मागची बाजू, सगळं पाहिलं, कुठे तो दुसरा शब्द, ‘रिमिटेड’, सापडतो का म्हणून. नव्हता. मला फार वाईट वाटलं. माझी चूक मी बाईंसमोर खुर्चीत बसून, चांगल्या इंग्रजीत सांगितली होती, आणि निघताना त्यांनी मला कॉफी पाजली होती.