ओढ्याकाठची अट

त्या दिवशी सकाळी टँकरच्या रांगेतच कळलं, वसुधाताई गेल्या. शेजारच्या विंगमधल्या, जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, मूळच्या पाचोडच्या. कुणी हळहळलं, कुणी बादली पुढं सरकवली... मला रागच आला. कुणाचा, ते अजून सांगता येत नाही.

आमची इमारत झाली तेव्हा बांधकाम परवानगीत एक अट होती: तोडलेल्या बोरी-बाभळींच्या बदल्यात मागच्या ओढ्याकाठी इथलीच झाडं लावायची, फरशी घालायची नाही, पाखरं-मुंगसांना पहिल्यापेक्षा बरी जागा करून द्यायची. आम्ही कुणी ती वाचलीही नव्हती. ताईंनी वाचली. तपासणीच्या दिवशी काठावर हिरवीगार रोपं उभी, पालिकेचे साहेब सही करायच्या बेतात. ताईंनी पदर खोचला आणि एक रोप धरून वर ओढलं. मुळांना काळी पिशवी तशीच! अख्खी रांग पिशव्यांसकट पुरलेली, उद्या दुसऱ्या साइटवर न्यायला मोकळी. "ह्याला लावणं नाय म्हणत," ताई बिल्डरच्या माणसाला शांतपणे म्हणाल्या. सही थांबली, आणि आमच्या घरांचा ताबाही. सामान बांधून बसलेले आम्ही... मी त्यांना नाही नाही ते बोलले होते.

शेवटी कडुलिंब, करंज, बोर, बाभूळ लागली. मग लागोपाठ दुष्काळ. नळ आठ-आठ दिवस कोरडा. ताई भाजी धुतलेलं, फरशी पुसलेलं पाणी खाली नेऊन घालायच्या. माणसांना प्यायला नाही अन् ह्या झाडं जगवतायत, असं लोक तोंडावर बोलायचे. एकदा मीही म्हटलंच. त्या म्हणाल्या, "आपण त्यांच्या जागेवर राहायला आलो. एवढं तर करावंच लागंल." त्या दिवसापासून माझं तांदूळ धुतलेलं पाणीही खाली जाऊ लागलं. पुढं करंजावर बुलबुलानं घरटं केलं, तेव्हा आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या हसलो.

शोकसभेत दोन मिनिटं स्तब्धता झाली आणि तिसऱ्या मिनिटाला अध्यक्षांनी ठराव मांडला: झाडं काढून तिथं पार्किंग, त्याला वसुधाताईंचं नाव. लाज कशी वाटली नाही! अट ताईंबरोबर सरणावर गेलेली नाही, असं मी तिथंच सुनावलं. दुसऱ्या दिवशी परवानगीची प्रत जिन्यात चिकटवली. कुणीतरी फाडली. पुन्हा चिकटवली. आता कमिटीनं मला नोटीस दिलीय, सोसायटीच्या कामात अडथळा का आणता, लेखी खुलासा करा.

हा घ्या खुलासा. आणखी काही विचारायचं असेल तर सकाळी ओढ्याकाठी या, मी तिथंच असते. आणि येताना रिकाम्या हातानं येऊ नका, घरातलं सांडपाणी घेऊन या.