किडे न दळणारी गिरणी

धुळ्याला एका कारखान्यात मोटार बसवत होतो, तेव्हा चाळीसगावाहून निरोप आला... कमलाक्का गेल्या. हातात पाना तसाच धरून मी खाली बसलो. देवाधर्माशी माझा उभा दावा. पण माझ्यासारख्या तारा जोडणाऱ्या माणसाला कारागीर केलं ते या जैन बाईच्या धर्मानं, हे आज कबूल करायला हवं.

नवऱ्यामागे अक्का पिठाची गिरणी एकट्याच चालवत. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली, तीही किडकी. इतर गिरण्या किड्यांसकट दळून मोकळ्या होत. अक्का डबा परत करत, म्हणत, “जीव दळणार नाही.” आठवड्यात गिऱ्हाईक तुटलं. दीर गिरणी विकायला निघाले. त्यात एक दिवस खडी फोडून आलेली एक बाई दारातच बसली.

“अक्का, बठ्ठा दाणामा किडा शेतस, माले माहीत शे. पन दळी दे वं माय, घरमा पोरे भुक्या शेतस.”

गिरणीची मोटार मीच दुरुस्त करायचो, म्हणून अक्कांनी मला बोलावलं. “भाऊ, किडा मरू नये आणि ही बाई उपाशी जाऊ नये. असं काही करून द्या.”

मी हसलो. “आणि दाण्याच्या आतली अळी?”

“दिसतात तेवढे तरी वाचवू.”

गिरणीच्याच पट्ट्यावर मी हलती चाळण बसवली. पहिल्या दिवशी ती अशी थयथयली की दाणे रस्त्यावर उडाले आणि किडे जागीच चिरडले. मला वाटलं, आता अक्का रागावणार. त्यांनी माझा हात धरून चाळणीवर ठेवला, हळूच हलवला. “पाळणा एवढाच हलवतात, भाऊ.” मी मोठी पुली लावून वेग उतरवला. दाणे वर राहिले, किडे जिवंतच खालच्या डब्यात पडले. अक्का तो डबा स्वतः कडुनिंबाखाली रिकामा करत. मी खूप चेष्टा केली... त्यांनी मनावर घेतली नाही.

पीठ स्वच्छ, भाकरी कडू लागेना. महिन्याभरात रांग स्टेशनच्या रस्त्यापर्यंत गेली आणि दीर गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना नंबराच्या चिठ्ठ्या फाडून देऊ लागले! मग बाकीचे गिरणीवाले माझ्याकडे आले, तशीच चाळण करून मागू लागले. मी तापलो. ज्यांनी अक्कांना वेड्यात काढलं, त्यांना कशाला द्यायची? अक्कांना विचारलं, तर त्या मनापासून हसल्या.

“द्या की, भाऊ. तिथले किडे काय माझे वैरी आहेत?”