वाळू बसेपर्यंत

नाव: श्री. ज्योतीराम सटवाजी ओव्हाळ. हुद्दा: व्याख्याता, भौतिकशास्त्र. रुजू: जून १९६२. बदली: निरंक. स्वभाव: शांत, एका जागी स्थिर. संशोधन: चालू.

पिंपरीतल्या त्यांच्या कॉलेजात हा गोपनीय अहवाल दर मार्चमध्ये लिहिला जाई. प्राचार्य बदलले, टाइपरायटर बदलला; १९८१ पर्यंत मजकूर तोच राहिला.

चालू असलेलं संशोधन सरांच्या घरात एका कोपऱ्यात उभं होतं. लोखंडी घोडीवर काचेची टाकी, टाकीत चाळलेली कोरडी वाळू, वाळूवर जड लोखंडी ठोकळा, आणि ठोकळा किती खचला हे दाखवणारा, जुन्या बाजारातून आणलेला एक डायल. पाणी वाहतं आणि दगड थांबतो, वाळू दोन्ही करते आणि केव्हा काय करील ते सांगत नाही, असं सर वर्गात येरझाऱ्या घालत सांगत. ओझ्याखालची वाळू खचत खचत कधीतरी पूर्ण थांबते की नाही, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. त्यासाठी तिला वर्षभर कुणाचा धक्का लागता कामा नये. एक अख्खं निवांत वर्ष मिळालं की निबंध पाठवायचा, आणि मग एका घरात कायमचं राहायचं, असा शब्द त्यांनी बायकोला, इंदुताईंना दिला होता.

हा शब्द त्यांनी चुकीच्या गावात दिला. पिंपरीतल्या पहिल्या खोलीच्या मागच्या भिंतीला फोर्जिंगचा कारखाना लागून होता. त्याचा हातोडा तिन्ही शिफ्टमध्ये पडायचा आणि डायलचा काटा त्याच्या तालावर उडायचा. सरांनी चिंचवडला घर घेतलं. तिथे रेल्वे होती, हे त्यांना सामान लावून झाल्यावर लक्षात आलं. मग चाकण. तिथल्या शांततेत वाळू आठ महिने गुण्यागोविंदाने खचली, आणि कांद्याचा हंगाम सुरू होताच ट्रक दारावरून जाऊ लागले. प्रत्येक वेळी सर नोंदींचे कागद फाडून बंबात घालत, वाळू नव्याने चाळत आणि नवं घर शोधायला सायकल काढत.

घरात इंदुताई टाचा न टेकता चालायला शिकल्या. मिरच्या कुटायला खलबत्ता घेऊन शेजारणीकडे जात. डब्यात लावलेलं कढीपत्त्याचं रोप त्यांच्याबरोबर गावोगाव फिरत होतं. स्टाफरूममध्ये गणिताचे जयसिंगराव रोज विचारत, "काय ओव्हाळ, आज किती खचली?" आणि सर उत्तर द्यायला उभे राहिले की म्हणत, "वाळूचं राहू द्या हो, आधी तुम्ही बसा."

चौथं घर तळवड्याला मिळालं, बबनराव नावाच्या शेतकऱ्याचं. आसपास शेतं, रस्ता लांब. बबनरावांनी अंगणात वरवंटासुद्धा आपटू दिला नाही. वर्ष सरत आलं, शेवटचा महिना राहिला. काटा इतका सावकाश सरकत होता की एरवी एका जागी न ठरणारे सर त्याच्यासमोर मिनिटभर उभे राहू शकत. इंदुताईंनी कढीपत्ता डब्यातून काढून जमिनीत लावला.

दसऱ्याला बुद्धविहारातल्या कार्यक्रमासाठी दोघं देहूरोडला गेले, आदल्या दिवशीच, मेहुण्यांकडे मुक्कामाला; घराची एक किल्ली बबनरावांकडे असे. तो आदला दिवस खंडेनवमीचा. तळवड्यात त्या दिवशी नांगर, विळे, इंजिन, पोराच्या कारखान्यातून आणलेला पाना, सगळ्यांची पूजा झाली.

परत येऊन सरांनी दार उघडलं तर ठोकळ्याला हळदकुंकू, डायलला झेंडूची माळ, आणि घोडीच्या पायाशी नारळाच्या दोन वाट्या. नारळ घोडीच्याच लोखंडावर फोडला होता. पाणी मात्र एका पेल्यात जपून ठेवलं होतं.

बबनराव प्रसाद घ्यायला बोलवायला आले होते. सरांचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, पूजेत काही कमी पडलं.

"तुमी करत न्हाई, ठावं हाय आमाला," ते म्हणाले. "पर घरातली समदी हत्यारं पुजायची आन् भाडेकरूचं तेवढं बाजूला ठेवायचं, हे बरं दिसतं व्हय?"

सरांनी त्यांचा नारळ घेतला. एवढ्या मानापुढे भांडायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. इंदुताईंनी बंबात घालायचे कागद आपणच गोळा करून ठेवले.

पण कागद फाडण्याआधी सरांनी सवयीने काटा पाहिला. नारळाच्या दणक्याने तो खाली उडी मारून गेला होता, आणि तिथेच होता. दुसऱ्या दिवशीही तिथेच. पंधरवड्यानंतरही तिथेच. जिला वर्षभर कुणी हात लावला नव्हता ती वाळू सरकत राहिली होती; दणका खाल्लेली घट्ट होऊन गप्प बसली होती. एवढी वर्षं सर ज्याला व्यत्यय म्हणत होते, विषय तोच होता, आणि त्याच्या नोंदी बंबात जाऊन त्यावर अंघोळीचं पाणी तापलं होतं.

ते रात्रभर ओसरीवर फेऱ्या मारत राहिले. सकाळी इंदुताईंना म्हणाले की आता वाळूला नेमाने, सारख्या अंतराने, रात्रंदिवस धक्के द्यायला हवेत, आणि असा हातोडा या पट्ट्यात एकच आहे.

इंदुताईंनी चहा गाळून होऊ दिला. "मग पिंपरी सोडली कशाला होती?"

"तेव्हा तो आडवा येत होता."

"आणि आपलं वर्ष?"

"तेच. फक्त निवांत नको."

मार्चमध्ये प्राचार्यांनी नेहमीप्रमाणे लिहिलं: बदली निरंक, एका जागी स्थिर. त्याच आठवड्यात ओव्हाळांचं सामान टेम्पोने पिंपरीच्या पहिल्या खोलीत परत गेलं. कढीपत्ता तळवड्यातच राहिला. त्याने मुळं धरली होती.