आमची माणसं

फोन वाजला की तिचा आवाज बदलायचा. हातातलं फडकं बादलीत टाकून, ओला हात कमरेला पुसून ती घसा साफ करायची आणि म्हणायची, "नमस्कार, लख्ख घरसफाई. बोला." मग पत्ता कुठला, खोल्या किती, घरात कुत्रं आहे का, असं सगळं विचारून झालं की शेवटचं ठरलेलं वाक्य. "ठीक आहे, आमची माणसं येतील."

आमची माणसं म्हणजे ती. एकटी. झाडू तिचा, बादली तिची, आणि तक्रार आली तर "मी बोलते त्यांच्याशी" म्हणून जिच्याशी बोलायचं तीही तीच. धंदा सुरू केला तेव्हा शेजारच्या शिंपिणीनं कानमंत्र दिला होता. "‘मी येते’ म्हणालीस तर लोक घासाघीस करत बसतील. ‘आम्ही येतो’ म्हण. जरा वचकून राहतात." मंत्र असा काही लागू पडला की बऱ्याच घरांत फोनवरच्या मॅडम वेगळ्या आणि दारात येणारी बाई वेगळी, असं लोक खुशाल धरून चालले. एका काकूंनी तर खुर्चीखालचा कचरा दाखवत तिला दम भरला होता, "तुमच्या मॅडमना सांगीन हं!" तिनं मान खाली घालून म्हटलं, "नका हो सांगू, फार कडक आहेत." हसू दाबता दाबता तिची पुरेवाट झाली.

पण ही गंमत घरी सांगायला सवड कुणाला होती? पहाटे बेकरीत पाव पिशव्यांत भरायचे. तिथून शाळेच्या ऑफिसात टपाल आणि टेलिफोन. दुपारी सफाईची घरं. आणि संध्याकाळी कपड्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकांनी विस्कटून टाकलेल्या शर्टांच्या पुन्हा घड्या. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा तिनं एकेक काम अंगावर घेतलं होतं. पुढे त्याला गोदामात अर्ध्या दिवसाचं काम लागलं, पण तिच्या अंगावरचं काही उतरलं नाही. उतरव असं कुणी म्हणालंही नाही, हे सांगून टाकलेलं बरं. तो घर बघायला शिकला. सासूबाई चिरून द्यायच्या, तो शिजवायचा, आणि मुलगी दोघांना नावं ठेवत पोटभर जेवायची. छान चाललं होतं. तिच्यावाचून छान चाललं होतं, आणि तेच तिला खात होतं.

ती परतेपर्यंत तिचं ताट झाकून ठेवलेलं असे. नवरा दार उघडताना म्हणे, "या, पाहुण्याबाई!" सुरुवातीला तीही हसायची.

आपल्या भाषेत एक भलतीच सोय आहे. समोरच्याला धरून बोलायचं तर ‘आपण’, वगळून बोलायचं तर ‘आम्ही’. घरातले सगळे तिच्याशी बोलताना ‘आम्ही’ म्हणू लागले होते. आम्ही जेवलो. आम्ही पडदे बदलले, बघितलेस का? तू दमली होतीस म्हणून आम्ही उठवलं नाही. कुणाच्या मनात पाप नव्हतं. जी माणसं एकत्र बसतात त्यांच्या तोंडी असंच येणार. पण तिला तो शब्द भातातल्या खड्यासारखा लागायचा. बाहेर ‘आम्ही’ म्हणजे एकटी ती आणि घरात ‘आम्ही’ म्हणजे ती सोडून सगळे, मग तिनं जायचं कुठं?

एका दुपारी ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरात गॅसची शेगडी खरवडत होती. फोन वाजला.

"नमस्कार, लख्ख घरसफाई. बोला."

"अगं आई, मी आहे!"

"हां, बोल गं."

"आम्ही ठरवलंय. मी पुढचं आत्याकडे राहून शिकणार. तिकडचं कॉलेज चांगलंय. या रविवारी निघायचं, बाबा येतायत सोडायला. आजीपण हो म्हणाली."

"छान झालं की," ती म्हणाली.

मग तिनं शेगडीवर राग काढला. मुलगी जाते याचा राग नव्हता. नणंद जीव लावणारी होती, कॉलेजही खरंच चांगलं होतं. पण घरात एवढं मोठं शिजलं आणि तिला वासही लागला नाही! ठरवताना निदान एकदा "आईला विचारूया" असं कुणी म्हणालं असेल का? तिनं मनाशी गाठ मारली. रविवारी काम नाही. निघण्याआधी लेकीच्या तोंडून एकदा तरी ‘आपण’ ऐकायचं, आणि त्यात आपणही असायचं.

बेकरी, शाळा, दुकान रविवारी बंद, म्हणून तो दिवसही सफाईतच जायचा; आणि त्या रविवारी एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंचं अख्खं घर धुऊनपुसून काढायचं ठरलं होतं. तिनं फोन लावला.

"मॅडम, रविवारी जमणार नाही हो आम्हाला."

"असं कसं? पाहुणे यायचेत माझ्याकडे! आणि तुमची एवढी माणसं आहेत, पाठवा की एखादं."

ती चांगलीच अडकली. एवढी माणसं! एकसुद्धा आठवेना.

"ती तुमची नेहमीची बाई आहे ना," प्राध्यापिकाबाई पुढे म्हणाल्या, "तिलाच पाठवा. काम नीट करते, तोंड बंद ठेवते."

"तिचंच तर अडलंय," ती म्हणाली. "तिची मुलगी शिकायला बाहेर चाललीय. एकुलती एक. म्हणून सुट्टी दिलीय मी तिला."

पलीकडे बाई नरमल्या. "मग राहू दे बाई. सोमवारी बघू. आणि मॅडम, तुम्ही आपल्या माणसांचा विचार करता, बरं वाटलं ऐकून."

फोन ठेवून ती जिन्यात बसून थोडी रडली. इतक्या वर्षांत तिला सुट्टी कुणी दिली असेल तर तिनंच.

रविवारी घरात तिचा नुसता अडथळा झाला. टॉवेल कुठल्या कप्प्यात असतात हे तिला ठाऊक नव्हतं. लोकांच्या घरातली फडताळं तोंडपाठ, आणि आपल्याच कपाटापुढं ती भांबावून उभी. "काय करू मी?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"तू बस ना आई," मुलगी मायेनं म्हणाली. "रोज राबतेस. आज आराम कर, आम्ही जातो."

"मी येणार," ती म्हणाली. जरा जोरातच. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "येऊ दे की तिला."

बसमध्ये बापलेकीचे विनोद चालले होते. कुठल्याशा मास्तरांची नक्कल, कधीतरी करपलेल्या भाजीचा किस्सा. मुलगी मध्येच वळून तिला समजावून सांगे, आणि समजावलेल्या विनोदावर हसावं तसं ती हसे.

नणंदेनं दारातच भाचीला मिठीत घेतलं. पाणी झालं, खोली दाखवून झाली. नणंद म्हणाली, "आपल्याकडे जेवणं लवकर होतात हं. चालेल ना?"

"चालेल की आत्या. आपण लवकर जेवू."

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर वळवली. मुलीला कळलंही नाही आपण काय बोललो. नणंदेचा हेवा वाटला, खोटं कशाला बोला. निघताना मुलगी गळ्यात पडली, "वेळेवर जेवत जा" म्हणाली. तिनं हो म्हटलं.

परतीच्या बसमध्ये नवरा खिडकीशी बसला. विनोद ऐकणारं माणूस मागे राहिलं होतं. दोनतीनदा त्यानं खिडकीची काच उगीच सरकवून पाहिली.

"तू पहाटे निघतेस," तो एकदम म्हणाला, "तेव्हा चहा घेतेस का गं?"

"नाही. तशीच जाते."

"मग उद्यापासून मी उठतो. आपण दोघं घेत जाऊ."

तिचा जीव गलबलला. आणि तोंडातून मात्र, वर्षानुवर्षं कुणाला त्रास द्यायचा नाही या सवयीनं, भलतंच निघून गेलं. "कशाला हो? झोपमोड होईल तुमची. मला सवय आहे."

"बरं," तो म्हणाला, आणि बाहेर बघू लागला.

त्यानं पुन्हा एकदा विचारावं म्हणून ती उतरेपर्यंत वाट बघत राहिली.