भूगोलाच्या पुस्तकातलं एक चित्र

माझी मुलगी सहा वर्षांची होती. नुकती अक्षरं जुळवायला शिकली होती आणि दिसेल ते वाचत सुटायची. आगरदांड्याहून दिघीला होडीतून चाललो होतो, तेव्हा मी शाळेत शिकवायचो ते भूगोलाचं पुस्तक तिच्या मांडीवर होतं.

होडीचा तांडेल सिद्दी होता, म्हणजे पूर्वी आफ्रिकेतून इथे आलेल्यांच्या वंशातला, आमच्या रोजच्या ओळखीचा. मुलगी एकदम ओरडली, "चाचा, तुमचं चित्र!"

त्याने लुंगीला हात पुसून पुस्तक घेतलं. आफ्रिकेतला एक माणूस, हातातला भाला जमिनीला टेकवून उभा.

"खाली काय लिवलंय, बाय?"

"रा-न-टी लो-क," तिने मोठ्याने वाचलं.

तांडेलाने माझ्याकडे पाहिलं. "खरं काय, मास्तर?"

"छापणाऱ्याची चूक आहे," मी म्हणालो.

"त्यो कवा आला व्हता आमच्याकडं?" एवढंच बोलून त्याने पुस्तक मुलीला परत दिलं आणि शीड सारखं करायला उठला.

दिघीच्या धक्क्यावर उतरल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, चूक होती तर तुम्ही खोडली का नाही?"

ते पान मी सहा वर्षं शिकवत होतो, रानटी शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून देत होतो. त्या वर्षी वर्गात एक सिद्दी मुलगा होता. तो धडा आला की मान खाली घालून बसायचा. मी त्याला आळशी समजत होतो. एकदा त्यासाठी छडीही मारली होती.

"मलाच ती दिसली नव्हती," शेवटी मी तिला खरं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात वर्गात मी त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि पुस्तक बाकांवरून फिरवलं. म्हटलं, "या माणसाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. काय काय विचारावंसं वाटतं?" पोरं सुटलीच. हा जेवतो काय? याला पोरं किती? याच्या गावात समुद्र आहे का?

तो सिद्दी मुलगा बराच वेळ चित्र न्याहाळत राहिला. मग आपणहून उभा राहिला.

"मास्तर, याच्या पायात काटा रुतला आसंल. म्हणून काठी टेकून हुबा हाय."

कुणी हसलं नाही. शेजारचा मुलगा चित्रावर वाकला आणि काटा नेमका कुठल्या पायात आहे ते शोधू लागला.