नूरीला खाडी मानवेना

पनवेलात आता घोडागाडी म्हटलं की पोरं मोबाइलमध्ये शोधतात. खलीलच्या वडिलांनी मात्र स्टेशन ते बाजारपेठ टांग्यात जन्म काढला. टांगे गेले, रिक्षा आल्या, तरी खलीलने घोड्याचा नाद सोडला नाही. वरातीसाठी पांढरी घोडी पाळली. तिचं नाव नूरी.

नूरी दिसायला देखणी, पण कातडीने फार नाजूक. बारीक चिलट चावलं तरी अंगावर गांधी उठायच्या. मग ती शेपटीचं मूळ खांबाला घासत सुटायची, पार रक्त येईपर्यंत. यंदा शेपटीचे केस झडले, आयाळ विरळ झाली. अशा घोडीवर नवरदेव कोण बसवणार? आणि वराती बंद झाल्या तर तिला ठेवायची कशाच्या जिवावर?

माथेरानला घोडी चालवणारा कमलाकर मागे लागला होताच.

"खलीलभाय, द्या मला. डोंगरावर वारा हाय, चिलटांचा ताप नाय."

"खाडीचा वारा काय कमी आहे का?" खलील फणकारला. "माझ्या बापाने आख्खी पागा त्या वाऱ्यावर राखली."

ते खोटं नव्हतं. तेव्हा दिवस कलला की सगळे टांगेवाले घोडी सोडून खाडीच्या बांधावर न्यायचे. पश्चिमेकडे तोंड करून ती ओळीने उभी राहायची. खारा वारा असा भणाणायचा की माशीला अंगावर टेकता येत नसे. घोडी निवांत, माणसं बिडी ओढत एकमेकांची उणीदुणी काढत बसलेली. छोटा खलील बापाच्या मांडीला टेकून ऐकायचा. त्याला आयुष्यात तेवढी एक जागा स्वतःची वाटायची.

म्हणून तो अजूनही रोज मावळतीला नूरीला तिथेच नेई. आणि नूरी परतली की जास्तच घासायची.

"खाडीवर जाऊन घोडी सुधरते की बिघडते?" त्याच्या बायकोने, झुबेदाने, एकदा विचारलं.

"तुला घोड्यातलं काय कळतं?"

"घोड्यातलं नाही, नवऱ्यातलं कळतं. चला, आज मीही येते."

बांधावर ती पाच मिनिटंही टिकली नाही. दुपट्ट्याने हात झाकू लागली, मग मान, मग तोंड.

"अहो, तुमचा तो वारा कुठं गेला?"

खलीलने समोर पाहिलं. पश्चिमेला उलव्याकडे भराव पडला होता, मधोमध इमारतींची भिंत उभी, वारा तिथेच अडलेला. भरतीचं पाणी अडलेलं, हिरवं, जागेवर कुजत होतं. चिलटांचे ढग त्यावर नाचत होते. भराव घालणाऱ्यांनी खाडीला विचारलं नव्हतं, खलीलला तर नाहीच. पण हे सगळं रोज डोळ्यांसमोर असून त्याला दिसलंच नव्हतं. तो इतके दिवस बापाचीच खाडी बघत होता, आणि तिच्या पायी घोडीला चिलटांच्या तोंडी देत होता.

"बोला की," झुबेदा म्हणाली.

"काय बोलू? घरी चल."

त्या आठवड्यात झुबेदाने जुन्या पांढऱ्या चादरी जोडून नूरीला मानेपासून शेपटीपर्यंत झूल शिवली. दिवाणखान्यातला उभा पंखा तबेल्यात गेला. "मी उकडून मेले तरी चालेल, तुमच्या लाडकीला हवा मिळू दे," असं ती जाता-येता ऐकवायची आणि वर तिनेच तबेल्याच्या खिडकीला जाळीही ठोकून घेतली. दिवस कलायच्या आत नूरी आत, पंखा सुरू.

कमलाकर पुन्हा आला तेव्हा शेपटीच्या मुळाशी कोवळी लव दिसत होती.

"आता तरी देताव?"

"नाही. वरातीला तयार होतेय ती."

"पंख्यावर वाढलेली घोडी," कमलाकर हसला.

खलील हसला नाही. दिवस कलण्याआधी नूरीला पाणी पाजायला बाहेर आणलं की ती आपसूक खाडीच्या रस्त्याला वळायची. पायांना सवय झाली होती. खलील लगाम धरून तिला उलट फिरवायचा, गोंजारायचा, "तिथं आता काही नाही ग" म्हणून सांगायचा. घोडी चार-सहा वेळा ऐकून शहाणी झाली. त्याचे पाय मात्र अजून त्या वळणावर थबकतात, मग तो पंख्याचा आवाज ऐकतो आणि तबेल्याकडे चालू लागतो.